सदतीस

शिबिरातून नलू परतली ती वही घेऊनच.
पहिल्या पानावर: अर्धं ताट अख्खं धान्य.
दुसऱ्यावर: साखर नाही, बटाटा नाही, टोमॅटो, वांगं नाही.
खाली लाल शाईत: प्रत्येक घास पन्नास वेळा.

समुद्रातली पालेभाजीही होती यादीत.
इंदूरला समुद्र कुठला, मी म्हटलं,
खान नदीतलं शेवाळ चालेल का?
ती हसली नाही. मोजत होती.

पहिल्या दिवशी बाराला घास निसटला.
चौथ्या दिवशी विसाला जबडा दुखला.
भिंतीवरचं घड्याळ, तिचे ओठ, माझे ओठ.
एकतीस वर्षांत जेवायला इतका वेळ
आम्ही समोरासमोर बसलो नव्हतो.

सदतिसाव्याला ज्वारी गोड झाली.
आपोआप. मी मान वर केली
तर तीही माझ्याकडेच बघत होती,
तोंड भरलेलं, बोलता येईना.

पौषात एका रात्री चोरून सराफ्यात गेलो.
रबडीचा, तुपाचा वास अंगावर आला.
गराडू घेतले. वहीत लिहिलंच होतं ना,
जे आपल्या मातीत, जे या ऋतूत.
तळण्याबद्दल त्या पानावर काही नव्हतं.

पहिला तुकडा तोंडात, आणि मी उभाच.
कढईवाला वैतागला,
"क्या हुआ भिया, कच्चा रह गया?"
मी हात वर केला: थांब.
एकेचाळीस.

घरी दिवा चालू.
नलूनं माझी बोटं हुंगली. लिंबू, जिरावन.
"मोजलंस?"