शून्यापासून किती

मत्राच्या सूकमध्ये सोनाराचा काटा तपासायला जातो
तेव्हा आधी एसी बंद करायला सांगतो.
मालक कपाळ पुसतो, कुरकुरतो,
पण काय करणार, फुंकरीनेही हलतं मिलिग्रॅम.
मग हातमोजे. मग चिमटा. मग वजन.
उघडं बोट लागलं तर बोटाचं तेल वजनाला चिकटतं
आणि एकदा मापच बाटलं
की सगळा बाजार खरा वाटायला लागतो.

तिकडची नऊची चर्चा
इथे रुवीत साडेसातला येते.
मुकादमचा बांगडा तव्यावर,
हेरंबचे पाय स्टुलावर,
पडद्यावर रानवडे,
"मी कुणाच्याच बाजूचा नाही"
हे दर जाहिरातीनंतर नव्याने सांगणारे.

दुसऱ्या चॅनलवर केंकरेबाई.
त्या पहिल्याच वाक्यात कबूल करतात
आपला कल कुठे आहे ते.
हेरंब म्हणाला, मग त्यांचं ऐकायचं कशाला?
मी म्हटलं, अरे, जो काटा रोज अडीच ग्रॅम जास्त दाखवतो
तो वापरता येतो. अडीच वजा कर, झालं.
भ्यायचं ते सकाळी जास्त, संध्याकाळी कमी
आणि वर पितळी शिक्का असलेल्या काट्याला.

दोघांना पटलं.
माझं मलाही फार पटलं.

कंपनीची जुनी वही घेतली, रकाने छापलेलेच होते:
प्रत्यक्ष, दाखवलेले, फरक.
त्यांच्या राज्यात पूल पडला.
रानवडे: राजीनामा, आत्ता, या क्षणी.
यांच्या राज्यात पूल पडला.
रानवडे: नदीला पूर होता,
अशा वेळी राजकारण करू नये.
केंकरेबाईंचं नेमकं उलट,
पण दोन्ही वेळा मेलेल्यांचा आकडा
बाईंनी बरोबर सांगितला.
हे आम्ही वेगळ्या शाईने लिहिलं.

रमजानात मुकादम खजूर तोंडात ठेवून लिहायचा.
सुट्टीवर गेला तेव्हा हेरंबने लिहिलं,
अक्षर असं की फरकाच्या जागी फरशी वाचावं.
आठ महिने.
वाडी कबीरच्या कामगारांत बातमी पसरली
की आमच्याकडे टीव्हीचा हिशेब ठेवतात.
एक मल्याळी फोरमन विचारून गेला,
आमच्या भाषेतले पण तपासता का?

मग निकालाची रात्र.
हेरंब घोरत होता.
मुकादमने वही उलटी केली,
मागच्या पानापासून उघडली.
तिथेही तेच रकाने.
वर माझं नाव.

पहिला पूल: "बरं झालं, आता कळेल त्यांना."
दुसरा पूल: काही बोलला नाही.
उठून चहा ठेवायला गेला.

दुसऱ्या पुलाखाली अकरा माणसं होती.
चहात आलं घातलं होतं मी,
मुकादमने तेही लिहिलं होतं.

मी म्हटलं, आणि तू रे? तू कुठला मोठा तराजू?
तो म्हणाला, माझं हेरंब लिहितो.
आणि हेरंबचं?
ते तुझ्याकडे होतं, विसरलास ना.
खरंच विसरलो होतो.
हेरंब माझ्याच बाजूचा,
त्यात तपासायचं काय, असं वाटलं असणार.

परवा पुन्हा सोनाराकडे.
एसी बंद. हातमोजे. चिमटा.
काटा शून्यावर थरथरून थांबला
आणि मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो,
मालकाने विचारलं, काही बिघाड?
नाही म्हटलं. स्टिकर लावलं:
तपासले. पुढील तपासणी एक वर्षाने.

एक स्टिकर जास्तीचं निघालं, खिशात ठेवलं.
घरी आलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.
रिमोट तेलकट होता,
कुणाच्या बोटांनी, देव जाणे.
बसलो तसाच, स्टिकर हातात धरून,
कुठे लावावं कळेना.