मे महिन्याचं माप

खड्डा खरं तर हौदासाठी खणला होता.
मग नळ आला, हौद राहिला,
आणि मागच्या दारी शेवग्याखाली
आठ बाय सहाचं हिरवं पाणी पडून राहिलं,
शिवायला टाकून परत न्यायला कुणी न आलेल्या
कापडासारखं.

मन्मथ म्हणाले, मासे सोडू.
मी म्हटलं, गप्पी आणा, तुमच्याच खात्याचे.
चिडले.
बत्तीस वर्षं हिवताप विभागात
लोकांच्या रांजणात, डबक्यात, शाळेच्या टाकीत
बरणीतून गप्पीच ओतले या हातांनी,
आता तरी काहीतरी लाल पाहू दे.

म्हणून लातूरला गेलो.
काचेमागे लाल मासे,
लग्नातल्या पोरींसारखे सगळे एकदम वळणारे.
दुकानातल्या पोरानं कानातली वायर काढली.
काका, फिल्टर आहे? मोटर? इन्व्हर्टर?
दुपारची लाइट जाते का तुमच्याकडे?
मन्मथनी माझ्याकडे पाहिलं.
मी पर्समधला टेप काढून उगाच गुंडाळत राहिले.
नऊशे रुपये वाचले, एवढंच म्हणालो,
मग अहमदपूर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

लिंबोटीच्या काठी नागोराव भोई जाळं झटकत होता.
मी सांगू लागले: लांबी आठ फूट, रुंदी सहा,
पाणी अडतीस इंच...
त्यानं ओला हात वर केला.
"आत्ता किती पानी हाय ते सांगू नका, बाई.
मे मंदी किती ऱ्हातंय ते सांगा."

तीस वर्षं लोकांची मापं घेतेय.
हे माप कुणी विचारलं नव्हतं.

घमेल्यात बोटभर रोहू, बोटभर कटला.
दोन सालात हातभर व्हत्यात, म्हणाला.
ते मला कळलं.
शाळेचे कपडे मी वाढत्या अंगाचे शिवते,
आत दोन बोटं मार्जिन दाबते, पुढच्या जूनला उसवते.
खड्ड्याला मार्जिन कुठून आणू?
चिलापी?
"चिलापी न्याल तर पुढल्या साली
खड्ड्यात पानी नाई, निस्ती चिलापी."
शिंगटा काटा मारतो.
वाम पाहून शेजारचे साप म्हणून दगड घालतील.

"खायाचे का बघायाचे?" त्यानं मधेच विचारलं.
आम्ही दोघं एकदम, हात गळ्यातल्या लिंगाशी नेऊन:
बघायचे.
तो बराच वेळ आमच्याकडेच बघत राहिला.

घरी येऊन खड्ड्याच्या भिंतीला टेप लावला.
गेल्या उन्हाळ्यातली शेवाळाची रेघ
अजून होती. तळापासून चौदा इंच.
चौदा,
म्हणजे तान्ह्याच्या झबल्याची उंची.
शिंप्याच्या निळ्या खडूनं मी तिथं खूण केली
आणि दुसऱ्या दिवशी नागोरावला आकडा सांगितला.

मरळ आणली. एकच.
"दोन न्याल तर येकच ऱ्हाईल."
चिखलात तग धरते, वर येऊन हवा पिते,
लाल नाही, गाळाच्याच रंगाची,
आणि दिसत तर नाहीच.
बघायला म्हणून आणलेली!

ती खाणार काय,
हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.
एका सकाळी मन्मथ जुन्या ऑफिसात जाऊन
बरणीभर गप्पी घेऊन आले
आणि ओतले. मनगटाचा तोच जुना झोका.

आता मे आहे. पाणी निळ्या खुणेला टेकलंय.
रात्री मी मशीनवर असते,
पाय थांबवला की मागच्या दारी एकदाच
टप्प.
हवा घेऊन गेली.

सकाळी मन्मथ वाकून गप्पी मोजतात,
खात्याच्या उरलेल्या वहीत उभे रकाने आखून लिहितात:
कमी, सहा.
कमी, चार.
सोमवारी मोजतच नाहीत.
शेवटचा रकाना 'कारण'.
तेवढा कोरा.