दोन नंबर

पोलंडहून नातू फोनवर म्हणाला, आजोबा, होय म्हणा.
जुम्बेरने होय म्हटलं.
रात्रभर मशीन आपलं आपण बदलत राहिलं,
सकाळी अक्षरं बटबटीत, आडवी ताणलेली,
खिडक्या पडद्यात मावेनात,
आणि यादीत एका नावापुढे पिवळा त्रिकोण:
ड्रायव्हर सापडला नाही.

कुताइसीत, रिओनीच्या पुलापाशी, मकवाला
फोनच्या फुटक्या काचा बदलते.
ती घरी आली, डब्याचं झाकण काढलं, फुंकर मारली,
पंख्यातून मांजराचे केस निघाले.
"सोळा वर्षांचं कार्ड," म्हणाली, "बनवणाऱ्यांनीच
ह्याचं नाव टाकलंय. दुसरं घ्या,
साठ लारीत वापरलेलं मिळेल."
जुम्बेरने नुसतीच मान हलवली.
दुसऱ्या कार्डावर दोन नंबर चालत नाही,
हे त्याने करून पाहिलं होतं.

दोन नंबर म्हणजे ट्रॉलीबस.
एकतीस वर्षं त्याने ती चालवली,
मग एका मार्चात तारा उतरवल्या, तांबं वजनावर गेलं.
डेपोतला तामाझ वायरमन, त्याने निवृत्तीनंतर
सगळा रस्ता संगणकात उभा केला:
बेकरीची पायरी, शाळेपुढचं वळण,
जिथे दांडे तारेवरून सुटायचे ते नेमकं ठिकाण.
तिथे ते आजही सुटतात.
तामाझ मात्र प्रोग्राम दुरुस्त करायला राहिला नाही.

मकवालाने जुनी सीडी घातली.
ही आवृत्ती आपल्या सिस्टीमशी जुळत नाही.
तिने मशीनला खोटं वय सांगितलं,
पट्टी नव्वद टक्क्यांपर्यंत सरकली, परतली.
मग ती फाइल साध्या अक्षरांत उघडून
शेकडो कार्डांच्या रांगेत
ह्या एकाचा आकडा हाताने घुसवला,
लग्नाच्या पंगतीत आगंतुकाला पाट मांडावा तसा.
आता सहीवर अडलं. सही आहे,
पण सही करणाऱ्याची मुदत संपली आहे.
"माझ्या लायसन्सचीही," जुम्बेर म्हणाला,
आणि आत जाऊन चहा टाकला.

तिच्या भाषेत रस्त्यावरच्या चालकाला एक शब्द,
यंत्रातल्याला दुसरा.
माझ्या मराठीत दोघेही ड्रायव्हर.
म्हणून मला हसू येतं तिथे तिला येत नाही,
ती फक्त सात नंबरची कळ दाबते,
सह्या तपासू नकोस, असं मशीनला बजावते,
आणि पडदा काळा होतो.

काळाच राहतो.
चहा निवतो. खाली कुणीतरी गाडी धूत असतं.
मकवाला नखावरचा रंग खरवडते, घड्याळाकडे बघत नाही.
पंखा आधी घरघरतो, मग शिट्टी घालतो,
मग अचानक अक्षरं बारीक, शहाणी,
जागच्या जागी.
रिओनीत घोडं न्हालं!

पण दोन नंबर जांभळी दिसली.
"ही निळी होती," जुम्बेर म्हणाला.
"इतकंच जमेल."
"आकाशही जांभळं आहे."
"मग जुळतंय की."
तिने पडद्याच्या कडेला कागद चिकटवला,
ठळक अक्षरांत: अपडेट करू का विचारलं तर नाही म्हणा.
खाली, बारीक: नातवाने विचारलं तरी.
ती स्वतःही जाणून होती,
हे कधीतरी न विचारताच येईल,
पहाटे, सगळे झोपेत असताना.

पैसे घेतले, निम्मेच घेतले,
हत्यारं पिशवीत भरली.
जुम्बेर चष्मा लावून बसला होता,
एक हात कीबोर्डवर, दुसरा हवेत,
जिथे हॅन्डब्रेक असायचा.
बेकरीपुढे दार उघडलं, सातपर्यंत मोजलं,
बंद केलं.
"निघते मी, दुकान उघडं आहे."
"थांब," तो मागे न बघता म्हणाला,
"पुलापर्यंत सोडतो."

मकवालाने पिशवी मांडीवर घेतली
आणि त्याच्या मागच्या खुर्चीवर,
खिडकीच्या बाजूला, बसली.