मयत वगळून

विट्यात रात्री दोनलाही माग थांबत नाहीत.
पतसंस्थेच्या माडीवर खिडकीची काच
धोट्याच्या ठेक्यावर थरथरते.

भगवान म्हेत्रेला जामीन इलाही तांबोळी,
इलाहीला जामीन भगवान.
आधी कोणाला आत घ्यायचं?
डेटाबेस दोघांनाही उंबऱ्यावर अडवायचा:
तुझा जामीन कुठाय?
शेवटी मी म्हटलं, दमानं घे.
आत्ता नको, सगळे येऊन बसले की विचार.
बंधन तेच, फक्त तपासणी कमिटपर्यंत लांबवली.

मग काय शहाण्यासारखा वागला!
नऊ हजार चारशे बारा ओळी,
एकीलाही हटकलं नाही.
थर्मासमधला उरलासुरला चहा ओतून घेतला, कमिट दाबलं,
तर एवढंच:
जामिनाचं बंधन मोडलं. मूळ ओळ सापडली नाही.
कोणाची, ते नाहीच.
आणि म्हेत्रे, तांबोळी, अख्खी यंत्रमागाची गल्ली
आल्या पावली परत.

चूक होते अकराला, कळते दोनला.
लांबवलेल्या प्रश्नाचं हे असंच.

मग सालवार बसले.
एकेक वर्ष भरायचं आणि तिथेच म्हणायचं,
आता विचार. लगेच.
शहाण्णव गेलं. दोन हजार एक गेलं.
दोन हजार नऊच्या मार्चात पाय अडखळला:
शेवंता खारगे, कांडी मशीन, पंधरा हजार,
जामीन सभासद क्रमांक ६१७.

भिंगारदिवे क्लार्कनी पेंगुळल्या डोळ्यांनी रजिस्टर उघडलं.
"हे आमचे अंतू वस्त्रे. दहा साली वारले की."

वारले.
मंगळवारी, एसटी गाठायच्या घाईत,
मीच लिहिली होती ती अट,
तक्ता जरा हलका व्हावा म्हणून:
मयत सभासद वगळून.

"पण मेलेला माणूस जामीन कसा राहील?"
"सही जिवंतपणी केलीय," म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

अट खोडली.
तीनशे चार मयत आपापल्या क्रमांकावर येऊन बसले,
अंतू वस्त्रे ६१६ आणि ६१८ च्या मध्ये.
कमिट.
या वेळी काही बोलला नाही.

उगाचच शेवंताबाईंचं खातं उघडलं.
शेवटचा हप्ता चौदा सालचा. बाकी निरंक.
जामीन गेल्यावरही चार वर्षं,
दर महिन्याच्या दहा तारखेला,
एकदाच फक्त बारा.

"झालं का?" खुर्चीतून आवाज.
झालं म्हटलं.
काच थरथरतच होती.