उजेडाचं टेबल

सोलरून एकतीस वर्षं
खालून दिवा लावलेल्या काचेवर
कॉडचे तुकडे उलटत आली.
मांसात दडलेली अळी
तिला माझ्याआधी दिसायची, नेहमीच.
चिमटा, टच्, बादली.
"बोगुमिवा, तू हातांनी बघतेस," म्हणायची,
"डोळ्यांनी बघ."

त्या उजेडात आम्ही सगळ्याच पांढऱ्याफटक.
म्हणून कळलं नाही कुणाला,
ती आमच्याहून पांढरी कधी झाली.
कँटीनच्या चौदा पायऱ्या.
नवव्या पायरीवर ती थांबायची
आणि खिडकीतून समुद्र बघतेय असं दाखवायची.
समुद्र तिथून दिसतच नाही.
बर्फाचे क्रेट दिसतात.

हिमोग्लोबिन चार.
कमरेच्या हाडातून मज्जा काढली:
पांढऱ्या पेशी जागेवर, प्लेटलेट्स जागेवर,
लाल तेवढ्या जन्मालाच येत नव्हत्या.
हजेरीपट भरलेला, एक रांग कोरी.

मग छातीचा फोटो उजेडावर लागला.
तशीच काच, तसाच मागून दिवा, फक्त उभा.
डॉक्टर हाल्डोरा बोलायच्या आत
सोलरूनने बोट ठेवलं: "हे."
छातीच्या हाडामागे, बटाट्याएवढं.

थायमस. लहानपणीची ग्रंथी,
पेशींना आपलं-परकं शिकवणारी.
वयात आल्यावर माणसाला न सांगता
विरत जायचं, एवढंच तिचं पुढचं काम.
हिची गाठ होऊन बसली
आणि शिकवत राहिली,
भलतंच.

गाठ काढली. रक्त काही परतलं नाही.
"अळी गेली," ती फोनवर म्हणाली,
"माशाला अजून पत्ता नाही."
आणि हसताना तिला धाप लागली.

दर पंधरा दिवसांनी दोन पिशव्या,
सकाळ-संध्याकाळ एक गोळी, जिने हात थरथरतात.
मी आकुरेरीला जाऊन रक्त देते.
माझा गट तिला चालत नाही.
कुणाला तरी चालेल.
तिथला अर्ज आइसलँडिकमध्ये असतो,
आणि ती भाषा मला तिनेच शिकवली,
निम्मी शिव्यांतून.

जूनमध्ये, रात्र न झालेल्या एका रात्री
तिचा मेसेज आला. नुसता आकडा:
नव्या लाल पेशी, शून्य पूर्णांक तीन टक्के.
आधी शून्य होतं.
शून्याच्या आसपास होतं, असं डॉक्टर म्हणायचे.

सकाळी टेबलावर तिची जागा रिकामीच.
मी ग्लोव्ह काढला,
ओला तळवा काचेवर ठेवला.
बोटांच्या कडा लाल दिसल्या.
मागून गुनस्टाइन ओरडला, "ग्लोव्ह!"