आडवी शिडी

आंटॉप हिलच्या मैदानात
चुन्यानं आखलेली शिडी, आडवी.
"ही चढायची कुठे?" शमीमनं विचारलं.
जागच्या जागी, म्हटलं.

पहिला आठवडा सगळे पाय एकमेकांच्या अंगावर.
प्रज्योत शंकूला धडकला
आणि त्यालाच सॉरी म्हणाला.

मी ओरडत राहिलो:
डोळे नका बघू, डोळे थापा मारतात,
समोरच्याची कंबर बघा.
चेंडू मागे द्यायचा, आपण पुढे पळायचं –
हे मलाही दोन वर्षं पटलं नव्हतं.

आज सेल्वी,
वहीत सगळ्यात खाली नाव,
भावाच्या बुटांत पुढे कापूस कोंबून,
डावीकडे झुकली
आणि उजवीकडून गेली.

मी डावीकडेच बघत उभा.
स्टॉपवॉच हातात,
दाबायचं राहून गेलेलं.