सतरा घोडे

पान अकरा, चौकट पहिली.
मी टाइप करतो: पहाट. पाराना नदी.
पलीकडचा काठ दिसत नाही.
(न दिसणारा काठ काढायचा कसा, ते तू बघ.)

आमचं लिहिणं हे असं.
शंभर ओळी लिहायच्या,
त्यातल्या नव्वद एकट्या नेलिदासाठी.
ती वाचते, कागद पालटते,
पाठीमागे कांदे, शाई, दिव्याची वात असं काहीबाही लिहून ठेवते
आणि छापून येतं ते फुग्यातलं एवढंच:
‘थांब. कोण आहे तिकडे?’
माझा मेहुणा कसाई. तो बरगड्या तोलता तोलता म्हणतो,
चित्रं ती काढते, मग तुला पैसे कशाचे?

फुग्यात अठरा शब्द मावतात.
एकोणिसावा घुसवला की कप्तान उबाल्दाचं नाक झाकतं.
चोवीस वर्षं मी बोटांवर मोजत बोलतोय,
घरीसुद्धा.

मार्चमध्ये, झाडं पिवळी पडत असताना,
नेलिदा मातेचा तुंबा भरत होती.
किटलीची धार तुंब्याबाहेर गेली, टेबलावरून माझ्या गुडघ्यावर.
म्हणाली, बाहेरून ट्रक गेला वाटतं.
रस्ता रिकामा होता.
मी म्हणालो, हो, मोठा होता.

त्या गुरुवारपासून माझ्या गोष्टीत धुकं पडायला लागलं.
आधी बंदरावर, मग गावात, मग चक्क स्वयंपाकघरात.
बाजाराचा दिवस होता, तो मी रविवारवर ढकलला,
दुकानं बंद, कुत्रंही नाही.
गोदीतल्या हमालांचे हात खिशात घातले;
हात काढणं सगळ्यात अवघड, हे तिनंच मला शिकवलेलं.
टोप्या कपाळावरून खाली ओढल्या.
आणि ज्या प्रसंगासाठी वर्षभर रचत आणलं होतं,
सतरा घोडे नदी पोहून येतात,
तिथे लिहिलं: धुक्यात फक्त फुरफुरणं ऐकू येतं.

संपादक बेर्सानोचा फोन आला.
‘वाचक विचारतायत, रोसारिओत ऊन कधी पडणार?’
मी म्हणालो, वातावरणनिर्मिती.
‘निर्मिती पुरे, वातावरण बदल.’

गुरुवारी तिनं पाकीट दिलं. माते दिलं नाही.
बसमध्ये उघडायचं नाही असं ठरवलं
आणि दुसऱ्याच थांब्यावर उघडलं.
मी चार चौकटी सांगितल्या होत्या,
तिनं एकच काढली, पानभर.
धुकं नाही. लख्ख दुपार.
पाण्यातून वर आलेल्या माना, फुललेल्या नाकपुड्या.
मोजले. सतरा.
रेषा कापरी होती, प्रत्येक.
लपवलेली नव्हती.
अकरावा घोडा तर फसलाच होता,
पुढचे पाय कुत्र्याचे वाटत होते.
समासात पेन्सिलीनं, वाकडंतिकडं:
‘घोडे माझ्याकडे दे. धुकं तुझ्याजवळ ठेव.’

फुग्यासाठी तिनं आभाळात जागा सोडली होती,
उजवीकडे वर, रुपयाएवढी नाही, पेसोएवढी.
पण माझं बोट पुन्हा पुन्हा अकराव्यावर जायचं.
तिथे एक फुगा अगदी बेतानं बसला असता.
अठरा शब्द, दोन्ही पाय झाकले असते,
कुणाला कळलंही नसतं.
असे अठरा शब्द मला झोपेतही सुचतात.
सुचलेही. चांगले होते.

तीन रात्री तो कागद टेबलावर.
मग ते अठरा खोडले.
आभाळात, तिनं सोडलेल्या जागी, एकच लिहिला.
काठावरून उबाल्दा म्हणते: ‘मोजा.’

बेर्सानो शब्दांवर पैसे देतो.
या पानाचं एका कॉफीचंही बिल निघणार नाही.
मेहुण्याला सांगायला हवं.

पान बारा, चौकट पहिली.
मी टाइप करतो: ऊन. बाजाराचा दिवस.
माणसं. किती, ते तू ठरव.
सगळ्यांचे हात खिशाबाहेर.